स्टेटस, कायदा आणि आपण

आमच्या राणीसावरगावात आता स्मार्टफोन नसलेला तरुण शोधावा लागतो. पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेली मुलं, ऊसतोडीला गेलेली कुटुंबं आणि गावात राहिलेले आईवडील यांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे व्हॉट्सॲप. लग्नाची दावत, मयतीची खबर, सोयाबीनचा भाव, सगळं त्यावरच कळतं. त्याच व्हॉट्सॲपवर टाकलेल्या चार शब्दांच्या स्टेटसमुळे पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते, हेही आता सगळ्यांना माहीत झालं आहे. पण त्या स्टेटसला कोणता कायदा लागतो, त्यातल्या कोणत्या शब्दांवर न्यायालयात वाद झाले आणि शेवटी काय ठरलं, याची माहिती मात्र गंगाखेड तालुक्यात सोडाच, पुण्यात आयटीत काम करणाऱ्या आपल्या मुलांनाही फारशी नसते. ही चर्चा दिल्ली-बंगळुरूला होते, इंग्रजीत होते, आणि आपण ती आपली मानत नाही.

त्यामुळे इंटरनेटच्या कायद्याबाबत आपल्या प्रतिक्रिया दोनच. आपल्याविरुद्ध कुणी गरळ ओकली की आपण म्हणतो, ‘कडक कायदा करा.’ आपल्यातल्या कुणावर गुन्हा दाखल झाला की म्हणतो, ‘कायद्याचा गैरवापर झाला.’ दोन्ही वेळा आपण बहुधा एकाच कायद्याबद्दल बोलत असतो, हे आपल्या लक्षात येत नाही. आज मला एवढीच गोष्ट मांडायची आहे: ढिल्या शब्दांचा कडक कायदा दुर्बलाचं रक्षण करत नाही. तो ज्याच्या हातात ताकद आहे त्याच्या उपयोगाला येतो. म्हणून आपण मागणी करायची ती नेमक्या शब्दांच्या कायद्याची आणि त्याच्या सरळ अंमलबजावणीची.

पालघरची पोस्ट

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरच्या शाहीन धाडा या एकवीस वर्षांच्या मुलीने त्या बंदबद्दल फेसबुकवर एक पोस्ट लिहिली. लोक रोज मरतात, जग चालू राहतं, आदर मनातून यावा, जबरदस्तीने नाही, असा त्या पोस्टचा आशय होता. तिची मैत्रीण रेणू श्रीनिवासन हिने ती पोस्ट ‘लाइक’ केली. दोघींना अटक झाली. शाहीनच्या काकांच्या दवाखान्यावर जमाव चालून गेला आणि तिथे तोडफोड झाली. दोघींना जामीन मिळाला, पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, पुढे ते प्रकरणही बंद झालं.

यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक, पोस्टमध्ये शिवी नव्हती, धमकी नव्हती, कुणाच्या धर्माचा उल्लेखही नव्हता. दोन, अटक झालेल्यांत एक मुस्लिम मुलगी होती आणि एक हिंदू. म्हणजे या कायद्याचा फटका फक्त आपल्यालाच बसतो असं नाही. जो त्या दिवशी, त्या गावात एकटा पडतो, त्याला तो बसतो. आपण संख्येने कमी असल्यामुळे एकटे पडण्याची वेळ आपल्यावर जास्त येते, इतकंच.

अटकेसाठी वापरलेलं एक कलम होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, संसदेत फारशी चर्चा न होता ते मंजूर झालं. त्यात लिहिलं होतं की कॉम्प्युटर किंवा फोनवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठवला, किंवा खोटी माहिती पाठवून कुणाला ‘त्रास’ वा ‘गैरसोय’ होईल असं केलं, तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

आमच्या धंद्यात प्रोग्रॅम लिहिताना अट नेमकी लिहावी लागते. ‘रक्कम शंभरपेक्षा जास्त असेल तर’ असं लिहिलं तर मशीनला कळतं. ‘रक्कम बरीच असेल तर’ असं लिहिता येत नाही, कारण ‘बरीच’ म्हणजे किती हे कुणीतरी ठरवावं लागतं. कायद्यात ‘त्रास’ हा शब्द आला की तो किती आणि कुणाचा हे ठाणेदार ठरवतो. आणि ठाण्याबाहेर दोनशे माणसांचा जमाव उभा असेल, तर तो जमाव ठरवतो.

श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने पालघरच्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. जे. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. त्या निकालातली एक विभागणी आपण प्रत्येकाने पाठ करावी अशी आहे. एखाद्या विषयावर चर्चा करणं वेगळं, त्याची बाजू घेऊन प्रचार करणं वेगळं, आणि लोकांना हिंसेला चिथावणं वेगळं. पहिल्या दोन गोष्टी कुणाला कितीही कडू लागल्या तरी त्या नागरिकाचा हक्क आहेत. कायद्याने हात घालायचा तो तिसऱ्या ठिकाणी.

रद्द झालं, तरी चालूच

निकाल लागला म्हणजे प्रश्न सुटला, असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या संस्थेने सिव्हिक डेटा लॅब्जसोबत अकरा राज्यांतल्या जिल्हा न्यायालयांची आकडेवारी गोळा केली. तेव्हा दिसलं की कलम रद्द झाल्यानंतरही त्याखाली १,३०७ नवी प्रकरणं नोंदली गेली होती. त्यात सर्वाधिक, ३८१, आपल्या महाराष्ट्रातली होती. जुलै २०२१ मध्ये हे सर्वोच्च न्यायालयासमोर आलं तेव्हा न्यायमूर्तींनी धक्का बसल्याचं बोलून दाखवलं. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये, या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये, असा स्पष्ट आदेश द्यावा लागला.

हे वाईट हेतूनेच झालं असंही नाही. ठाण्यातल्या छापील पुस्तकात कलम तसंच राहिलं, फिर्याद लिहिणाऱ्याने सवयीने ते लावलं, आरोपीला ते रद्द झाल्याचं माहीत नव्हतं आणि त्याच्या वकिलानेही पाहिलं नाही. सर्व्हरवर दुरुस्ती झाली, पण गावोगावच्या मशीनवर अपडेट पोहोचलाच नाही, तसा हा प्रकार. यातलं शिकण्यासारखं म्हणजे दिल्लीत मिळालेला हक्क गंगाखेडच्या ठाण्यात आपोआप पोहोचत नाही. तो कुणीतरी कागदावर घेऊन जावा लागतो.

कोल्हापूरचं स्टेटस

६६अ गेलं, पण भारतीय दंड विधानाचं १५३अ होतं. आता भारतीय न्याय संहितेत तेच १९६ झालं आहे: दोन समाजांत वैर वाढवणं. हे कलम गरजेचं आहे. पण ते कुठे लागतं आणि कुठे नाही?

ऑगस्ट २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या जावेद अहमद हजाम या काश्मिरी प्राध्यापकाने व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं. ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, कलम ३७० काढल्याने आम्ही खूश नाही, असं त्यात होतं. १४ ऑगस्टला पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छाही होत्या. हातकणंगले ठाण्यात १५३अ खाली गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा नागरिकाचा हक्क आहे, दुसऱ्या देशाच्या नागरिकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणं म्हणजे वैर पसरवणं नव्हे, आणि अभिव्यक्तीस्वातंत्र्य म्हणजे काय हे पोलीस यंत्रणेला शिकवण्याची वेळ आली आहे, असं खंडपीठाने म्हटलं.

ते स्टेटस तुम्हाला पटतं का? अनेकांना पटणार नाही, आणि ते ठेवायला हवं होतं का यावर आपल्या घरातही वाद होईल. पण पटणं आणि गुन्हा असणं यांत अंतर आहे. त्या अंतरालाच स्वातंत्र्य म्हणतात.

पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर गुजरातमधल्या जामनगरला गुन्हा दाखल झाला. कारण, त्यांनी टाकलेल्या व्हिडिओमागे वाजणारी एक कविता. २८ मार्च २०२५ रोजी याच दोन न्यायमूर्तींनी तोही रद्द केला. बोललेल्या किंवा लिहिलेल्या शब्दांचा परिणाम तोलताना समजूतदार, खंबीर मनाच्या माणसाचं माप लावायचं, उठसूट बिथरणाऱ्याचं नाही, ही कसोटी दोन्ही निकालांत आहे. ती मूळची नागपूरची. स्वातंत्र्याच्या तोंडावर नागपूर उच्च न्यायालयाच्या एका निकालात न्या. व्हिव्हियन बोस यांनी ती मांडली होती.

मग आमच्यावर होणाऱ्या हल्ल्याचं काय?

इथे वाचक विचारेल, आणि त्याने विचारायलाच हवं: आमच्याबद्दल रोज जे लिहिलं जातं, त्याचं काय? तेही स्वातंत्र्यच का?

नाही. २ जून २०१४ ची रात्र आठवा. फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून पुण्यात वातावरण पेटलेलं होतं. सोलापूरहून येऊन पुण्यात आयटीचं काम करणारा मोहसीन शेख हडपसरला नमाज पढून घरी परतत होता. जमावाने त्याला मारलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढीच त्याची ओळख मारणाऱ्यांना पुरेशी होती. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. मोहसीनला कुणी मारलं, या प्रश्नाचं उत्तर त्याच्या घरच्यांना मिळालेलं नाही. चिथावणी म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

आता दुसरं प्रकरण. जुलै २०२१ मध्ये मुस्लिम महिलांचे फोटो लावून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारं एक ॲप गिटहबवर आलं. आम्ही प्रोग्रॅमर लोक जिथे रोज कोड ठेवतो, तेच हे ठिकाण. दिल्लीत गुन्हा दाखल झाला. सहा महिने कुणालाही अटक झाली नाही. १ जानेवारी २०२२ रोजी तसंच दुसरं ॲप आलं, ‘बुल्ली बाई’ नावाचं. शंभरावर महिलांचे फोटो त्यावर होते. यावेळी मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेनेही गुन्हा नोंदवला आणि काही दिवसांत बंगळुरू व उत्तराखंडपर्यंत जाऊन अटका केल्या. मग दिल्ली पोलीसही हलले आणि त्याच आठवड्यात आधीच्या ॲपच्या प्रकरणातही अटक झाली. पकडलेल्यांत वीस-एकवीस वर्षांचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते.

जुलैत आणि जानेवारीत कायदा एकच होता. महिलेचा पाठलाग, विनयभंग, दोन समाजांत वैर, सगळी कलमं आधीपासून पुस्तकात होती. बदलली ती इच्छाशक्ती. कमी पडत होता तो तपास. म्हणून अशा वेळी ‘नवा कडक कायदा करा’ म्हणणं म्हणजे ज्याने काम केलं नाही त्याला सुटकेची वाट करून देणं. आपण विचारायचं ते हे: आहे ते कलम का लावलं नाही? तपास कुठवर आला? आरोपपत्र कधी दाखल होणार? या प्रश्नांना तारखा असतात. त्यांची उत्तरं टाळता येत नाहीत.

आपल्या घरातलं उदाहरण

दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्याकडेही पाहायला हवं. जानेवारी २०१५ मध्ये ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांनी शार्ली एब्दोच्या बातमीसोबत त्या नियतकालिकाचं मुखपृष्ठ छापलं. चूक झाली म्हणून त्यांनी जाहीर माफी मागितली. तरी अनेक ठाण्यांत तक्रारी झाल्या, त्यांना अटक झाली, आवृत्ती बंद पडली, नोकरी गेली, घर सोडून राहावं लागलं. तक्रारी करणारे बाहेरचे नव्हते. आपलेच लोक होते.

हे कलम २९५अ होतं. आज न्याय संहितेत २९९ आहे. धार्मिक भावना ‘जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने’ दुखावल्या तर ते लागतं. माफी मागणाऱ्या बाईचा हेतू दुष्ट कसा, हे त्या गर्दीत कुणी विचारलं नाही. दोन महिन्यांत ६६अ रद्द झालं तेव्हा मात्र आपणच टाळ्या वाजवल्या. शाहीनच्या बाजूने उभं राहायचं आणि शिरीनच्या वेळी फिर्यादी व्हायचं, हे एकाच वेळी जमत नाही. आपल्या समाजातली एखादी मुलगी तलाकवर, वारसाहक्कावर किंवा बुरख्यावर काही लिहिते तेव्हा तिला गप्प करण्यासाठी आपण जे हत्यार उचलतो, तेच उद्या आपल्या मुलाच्या स्टेटसवर चालतं.

न दिसणारा हात

आतापर्यंत बोललो ते गुन्ह्याबद्दल. गुन्हा दाखल झाला तर निदान कागद हातात येतो, वकील लावता येतो. इंटरनेटवर आता मजकूर गुपचूप नाहीसा होण्याचा मार्ग रुंदावतो आहे. कलम ६९अ खाली सरकार एखादी पोस्ट किंवा खातं बंद करायला सांगू शकतं आणि त्या आदेशांबाबत गुप्तता पाळण्याची तरतूद नियमांतच आहे. शिवाय गृह मंत्रालयाच्या ‘सहयोग’ पोर्टलवरून निरनिराळ्या यंत्रणा कंपन्यांना मजकूर काढण्याच्या नोटिसा पाठवतात. त्याला एक्स कंपनीने दिलेलं आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळलं. अशा नोटिशीत लिहिणाऱ्याला बोलावून विचारण्याची पायरी अनेकदा नसतेच. त्याला फक्त एवढंच दिसतं की आपली पोस्ट भारतात दिसत नाही.

मात्र दाद मागितली तर यशही येतं. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलून आपल्या कारभाराविषयीची बातमी ‘खोटी किंवा दिशाभूल करणारी’ आहे का, हे ठरवण्याचा अधिकार स्वतःच्याच फॅक्ट चेक युनिटला दिला. कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतर काही संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं मत विभागलं. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी नियमाविरुद्ध मत दिलं आणि तो रद्द झाला. ज्याच्याबद्दल बातमी आहे त्यानेच ती खरी की खोटी हे ठरवू नये, हे समजायला वकिलीची पदवी लागत नाही.

आपण काय करायचं?

पहिलं, स्टेटस टाकताना तीच तीन पायऱ्यांची पट्टी लावा: चर्चा, प्रचार, चिथावणी. तिसऱ्या पायरीवर स्वतः जाऊ नका आणि गटात कुणी गेला तर त्याला तिथेच थांबवा. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही मुलांच्या स्टेटसवरून दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद झालं. नुकसान ज्या दुकानदारांचं झालं, त्यांनी स्टेटस ठेवलेलंच नव्हतं. हक्क असणं आणि शहाणपण असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही लागतात.

दुसरं, गुन्ह्याची वेळ आलीच तर घाबरून फोन फॉरमॅट करू नका. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा आरोप येतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नसते. आधी नोटीस द्यायची असते, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून ठरलेलं आहे. ती नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांना आधी प्राथमिक चौकशी करता येते, आणि बोलण्या-लिहिण्याच्या बाबतीत ती करणंच योग्य, हे इम्रान प्रतापगढी निकालात आहे. फोन जप्त झाला तर पंचनाम्याची प्रत मागा.

तिसरं, आपल्याविरुद्ध चिथावणी दिसली तर ती शिव्या घालून पुढे पाठवू नका. त्याने तिचाच प्रसार होतो. लिंक, तारीख आणि खात्याच्या नावासह स्क्रीनशॉट ठेवा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. त्याने दाद दिली नाही तर केंद्राच्या अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. ठाण्यात अर्ज दिला की त्याची पोच घ्या. डिजिटल पुरावा न्यायालयात टिकवायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते वकिलाकडून समजून घ्या.

चौथं, आणि हे खास माझ्यासारख्या शिकलेल्यांसाठी. ग्रामपंचायतीच्या प्रभागरचनेवर आपण हरकती नोंदवतो, त्यासाठी तहसीलला खेटे घालतो. माहिती तंत्रज्ञान मंत्रालयही नव्या नियमांच्या मसुद्यांवर अशाच हरकती व सूचना मागवतं. तिथे कंपन्यांचे वकील लिहितात, दिल्लीच्या संस्था लिहितात. मराठवाड्यातून किती पत्रं जात असतील? प्रत्येक तालुक्यात दोन-चार इंजिनिअर, एक वकील आणि एक शिक्षक एवढे जरी बसले, मसुदा वाचून त्याचा अर्थ साध्या मराठीत लिहिला आणि पानभर सूचना पाठवली, तरी ही चर्चा आपली होईल. पत्रात एकच गोष्ट मागायची: कायद्यातला प्रत्येक शब्द असा असावा की तो मित्रावर आणि विरोधकावर सारखाच लागेल.

शाहीनची पोस्ट, कोल्हापूरच्या प्राध्यापकाचं स्टेटस, शिरीन दळवींचं पान आणि लिलावात मांडलेल्या त्या शंभर जणींचे फोटो, या सगळ्यांना न्याय देणारा कायदा एकच असू शकतो. तो शब्दाला शब्दाने उत्तर देऊ देतो आणि दगडाला मात्र हातकडी घालतो. तो कायदा बराचसा आपल्या घटनेत आणि या निकालांत लिहिलेला आहे. तो आपल्या तालुक्याच्या ठाण्यापर्यंत नेण्याचं काम बाकी आहे, आणि ते आपल्यालाच करावं लागेल.